जुन्या चित्रपटांवर गुपचूप फिरणारी कात्री

'टॉम अँड जेरी' कधी लागलेच नाही असे घर आता आपल्या वस्त्यांतही शोधून सापडणार नाही. त्या मांजर-उंदराच्या पाठलागात अधूनमधून एक मोलकरीण येते. तिचा चेहरा जवळजवळ कधीच दिसत नाही. दिसतात ते तिचे जाडजूड पाय, सपाता, ॲप्रन आणि हातातला झाडू. पाय काळे आहेत. मुले हसतात, आम्हीही हसलो आहोत. ही बाई कोण, तिला चेहरा का नाही, हा प्रश्न आम्हाला फार उशिरा पडला. पडल्यावर थोडी चौकशी केली आणि जे हाती लागले ते वाचकांसमोर ठेवावेसे वाटते. विषय वरवर दिसतो तेवढा पोरखेळाचा नाही.

एमजीएम कंपनीच्या या व्यंगचित्रपटांत ही मोलकरीण १९४० पासून १९५२ पर्यंत येत राहिली. तिला आवाज दिला लिलियन रँडॉल्फ या काळ्या अभिनेत्रीने. श्रेयनामावलीत तिचे नाव नव्हते. रेडिओवर आणि चित्रपटांत तिने आयुष्यभर काम केले, पण वाट्याला आल्या त्या बहुतेक मोलकरणीच्याच भूमिका. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या १९४६ च्या गाजलेल्या चित्रपटातही ती नायकाच्या घरची मोलकरीणच आहे. काळ्या बाईने गोऱ्याच्या घरात झाडू मारावा, ठराविक बोलीत ओरडावे आणि प्रेक्षकांनी हसावे, हा हॉलिवूडचा त्या काळचा धर्म होता. त्याचा निषेध अमेरिकेतील काळ्यांच्या संघटनांनी त्याच काळात केला आहे.

पुढे काय झाले? १९६० च्या दशकात हे चित्रपट अमेरिकन दूरचित्रवाणीवर आले तेव्हा काही भागांत मोलकरीण नव्याने रेखाटून चक्क गोरी केली गेली आणि तिला गोऱ्या अभिनेत्रीचा आवाज दिला गेला. १९९० च्या दशकात मालकी टर्नर कंपनीकडे होती. तेव्हा चित्रे तशीच ठेवून रँडॉल्फचा आवाज पुसण्यात आला आणि दुसऱ्या एका काळ्या अभिनेत्रीकडून, त्या बोलीचा हेल काढून, नव्याने संवाद म्हणवून घेण्यात आले. म्हणजे झाडू राहिला, बिनचेहऱ्याचे शरीर राहिले, गोऱ्याचे घर राहिले. गेला तो फक्त त्या कष्टकरी कलावंत स्त्रीचा आवाज, जिचे नाव मुळातच लिहिले नव्हते! याला सुधारणा म्हणायचे असेल तर आमची ना आहे.

दुसरे उदाहरण डिस्नेचे. १९४० साली आलेल्या 'फँटासिया' चित्रपटात बीथोव्हेनच्या सहाव्या सिंफनीवर रचलेला एक भाग आहे. ग्रीक पुराणातल्या अर्धी स्त्री, अर्धा घोडा अशा सुंदर्‍या त्यात नटतात. त्यांच्या दिमतीला एक काळी, लहानखुरी सेविका दाखवली आहे. तिचे शरीर गाढवाचे, आणि काम काय, तर गोऱ्या सुंदरीचे खूर घासूनपुसून चकचकीत करणे! मुलांसाठी म्हणून काढलेल्या चित्रपटात वर्णव्यवस्था इतक्या उघडपणे रंगवलेली आहे. १९६९ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना कंपनीने तिची दृश्ये कापली. १९९१ मध्ये व्हिडिओ कॅसेट काढली तेव्हा नवी युक्ती केली. चित्राचा तेवढाच कोपरा मोठा करून दाखवला, जेणेकरून ती सेविका चौकटीबाहेर राहील. नंतरच्या डिस्कवरही ती परत आली नाही. मौज अशी की याच भागात पुढे मद्यदेवाला वारा घालणाऱ्या, अर्ध्या झेब्र्याच्या शरीराच्या दोन काळ्या दासी आहेत, त्या मात्र तशाच ठेवल्या आहेत. खूर पुसणारी खटकली, पंखा हलवणाऱ्या खटकल्या नाहीत. कात्रीलाही काही तत्त्व असावे लागते, ते असे.

आता चळवळीतील वाचक विचारतील की अपमानाचे चित्र काढून टाकले तर तुमचे पोट का दुखते? प्रश्न रास्त आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. २००७ साली 'आजा नचले' या हिंदी चित्रपटाच्या शीर्षकगीतातील एका ओळीवरून वाद झाला. चर्मकार समाजाला हीन लेखणारी ती ओळ होती. उत्तर प्रदेशात मायावतींच्या सरकारने चित्रपटावर बंदी घातली, निर्मात्यांनी माफी मागितली आणि शब्द काढले. ते योग्यच झाले. पण तेथे काय घडले ते नीट पाहा. ज्यांचा अपमान झाला त्यांच्या बाजूने आवाज उठला, तो चारचौघांत उठला, चूक झाल्याचे मालकाला कबूल करावे लागले आणि ते वर्तमानपत्रांत छापून आले. आजही त्याची नोंद आहे. 'फँटासिया'ची कॅसेट हाती पडलेल्या ग्राहकाला मात्र वेष्टनावर कोणी सांगितले नाही की आम्ही १९४० साली असे असे दाखवले होते आणि आता ते काढले आहे. उलट १९४० साली आपण निर्मळच होतो असा पुरावा त्या कंपनीने स्वतःच तयार केला. अपराध्यानेच आपली जुनी खतावणी खाडाखोड करून पुन्हा छापावी, तसा हा प्रकार आहे.

'द फ्रेंच कनेक्शन' हा १९७१ चा चित्रपट पाहा. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर त्याला मिळाले. जीन हॅकमनने रंगवलेला न्यूयॉर्कचा पोलीस त्यात नायक आहे, पण तो सज्जन नाही. तो काळ्यांचा द्वेष करतो आणि पोलीस ठाण्यात सहकाऱ्याशी बोलताना काळ्यांसाठी सर्वांत घाणेरडी शिवी वापरतो. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी ते मुद्दाम दाखवले होते. २०२३ मध्ये इंटरनेटवरून चित्रपट पाहणाऱ्या अमेरिकन रसिकांच्या लक्षात आले की तेथे चित्र एकदम उडी मारते. शिवीसकट काही सेकंदांचा प्रसंग गायब होता. चित्रपटाची मालकी २०१९ पासून डिस्नेकडे आहे. कात्री कोणी आणि का लावली याची सूचना चित्रपटापूर्वी नव्हती. ज्यांच्याकडे जुन्या डिस्क होत्या त्यांनी त्या लावून पाहिल्या, म्हणून चोरी पकडली गेली. आम्ही विचारतो, या कापाकापीत लाभ कोणाचा झाला? काळ्या माणसाचा? छे! लाभ झाला त्या पोलिसाचा. शिवी गेली की तो जरा रागीट पण कर्तव्यदक्ष अधिकारी उरतो.

हे आपल्याला परके वाटू नये. २०२५ साली 'फुले' चित्रपटाच्या वेळी प्रमाणन मंडळाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला सांगितले होते. ज्यांनी जातीच्या नावाने माणसाला जनावरापेक्षा खाली ढकलले त्यांची कथा सांगायची आणि जातीचे नावच घ्यायचे नाही! तो चित्रपट नवा होता म्हणून निदान बोंब झाली, चर्चा झाली. जुन्या चित्रपटाच्या बाबतीत तेवढेही होत नाही, कारण दुकानातून डिस्क आणणाऱ्याने मूळ चित्रपट कधी पाहिलेलाच नसतो. आमच्याकडेही व्हीसीडीच्या जमान्यात तीन तासांचा चित्रपट दोन चकत्यांत कोंबण्यासाठी गाणी आणि प्रसंग बिनदिक्कत उडवलेले असत. आम्ही हौसेने आणलेल्या एका जुन्या चित्रपटाच्या व्हीसीडीत नायिकेच्या बापाचा मृत्यूच नव्हता. पुढच्या प्रसंगात त्याच्या फोटोला हार दिसला तेव्हा कळले. विकणारा म्हणाला, साहेब, तेवढे चालायचेच.

पण जे चालायचेच नाही असे म्हणून उभे राहिले ते अमेरिकेतील 'स्टार वॉर्स'चे चाहते. त्यांची आपल्याकडे थट्टा होते. अवकाशयानांच्या चित्रपटासाठी भांडणारे हे बहुतेक खाऊनपिऊन सुखी गोरे लोक, त्यांना दुसरे दुःख काय? आम्हीही तसे म्हणत होतो. पण त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. १९७७ च्या मूळ चित्रपटात हॅन सोलो नावाचा तस्कर खानावळीत समोरच्या मारेकऱ्याला आधी गोळी घालतो. १९९७ मध्ये जॉर्ज लुकास यांनी संगणकाच्या साहाय्याने असे केले की आधी मारेकऱ्याने गोळी झाडावी आणि नायकाने फक्त उत्तर द्यावे. २००४ च्या डीव्हीडीत हा प्रसंग पुन्हा बदलला. मालिकेतल्या १९८३ च्या चित्रपटाच्या शेवटी दिसणारा सबॅस्टियन शॉ हा वृद्ध नट काढून तेथे तरुण नट चिकटवला. २०११ च्या ब्लू-रेमध्ये खलनायकाच्या तोंडी नवी आरोळी घातली. २०१९ मध्ये तोच खानावळीतला प्रसंग आणखी एकदा. मूळ आवृत्ती २००६ मध्ये जोडडिस्क म्हणून दिली, तीही लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या प्रतीवरून, धूसर. मग चाहत्यांनी स्वतःच जुन्या फिल्मच्या रिळांवरून आणि जुन्या प्रतींवरून मूळ चित्रपट वर्षानुवर्षे खपून जुळवला. कायद्याने ते चूक असेल. पण अभिलेखागाराचे काम रसिकांना चोरून करावे लागावे, ही नामुष्की कोणाची?

याच लुकास यांनी मार्च १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष दिली होती. तेव्हा टेड टर्नर जुने कृष्णधवल चित्रपट संगणकाने रंगवून विकत होते. हा जनतेच्या वारशाशी खेळ आहे, उद्या मूळ प्रतीच बदलल्या जातील, अशा आशयाचा इशारा लुकास यांनी दिला. त्याच वर्षी चित्रपट जतनाचा कायदा झाला, १९८९ मध्ये राष्ट्रीय यादीत पहिले पंचवीस चित्रपट घेतले गेले आणि त्यात 'स्टार वॉर्स' होता. सोळा वर्षांनी तेच लुकास म्हणू लागले की जुनी आवृत्ती आपल्या लेखी उरलेलीच नाही. मालकी हातात आली की माणसाची भाषा बदलते. हे आपण राजकारणातही पाहिले आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग मात्र वेगळे निघाले. २००२ मध्ये त्यांनी 'ई.टी.'मधील पोलिसांच्या हातातल्या बंदुका काढून वॉकीटॉकी दिल्या होत्या. नंतर ती चूक त्यांनी जाहीरपणे कबूल केली आणि पुढच्या डिस्कवर बंदुका परत आल्या.

मूळ कलाकृती काळाची साक्ष आहे, हे लंडनमध्ये २०२५ साली १९७७ ची अस्सल प्रिंट पडद्यावर लावली गेली तेव्हा पुन्हा दिसले. आपला 'शोले' घ्या. ठाकूर गब्बरला ठार मारतो हा मूळ शेवट आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावला होता. तो शेवट २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात मोठ्या पडद्यावर आला. पन्नास वर्षे एका सरकारी हुकुमाचा शेवट आपण सलीम-जावेदचा म्हणून पाहत होतो!

मग अपमानास्पद जुन्या चित्रपटांचे करायचे काय? उत्तर अमेरिकेतच सापडले आहे. २००५ मध्ये वॉर्नर कंपनीने जुन्या 'लूनी ट्यून्स'चा डिस्कसंच काढला, तेव्हा सुरुवातीला व्हूपी गोल्डबर्ग ही काळी अभिनेत्री स्वतः पडद्यावर येऊन सांगते की यातली काही चित्रणे तेव्हाही चूक होती, आजही चूक आहेत. ती काढून टाकणे म्हणजे असे काही घडलेच नाही म्हणण्यासारखे, म्हणून ती ठेवली आहेत. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर 'गॉन विथ द विंड' काही दिवस मागे घेतला गेला. तो परत आला तेव्हा अखंड होता, पण जॅकलीन स्टुअर्ट या काळ्या अभ्यासक स्त्रीचे प्रास्ताविक जोडूनच. त्याच चित्रपटातील मोलकरणीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅक्डॅनियलला १९४० मध्ये ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणारी ती पहिली काळी कलावंत, पण समारंभात तिला बाकीच्या कलावंतांपासून वेगळ्या टेबलावर बसवले होते. चित्रपट कापला तर तिचे काम जाते आणि ते वेगळे टेबलही विस्मरणात जाते. ती दोन्ही राहिली पाहिजेत, असे आमचे मत आहे.

वॉर्नरने सगळीकडे हाच धडा गिरवला असे मात्र नाही. २०१३ मध्ये 'टॉम अँड जेरी'च्या नव्या संचातून वर्णद्वेषी विनोदांचे दोन भाग वगळायचे ठरले. संग्राहकांनी इतका विरोध केला की तो संचच तेव्हा निघू शकला नाही.

आता तर डिस्कच दुकानातून हद्दपार होत चालली आहे. चित्रपट कंपनीच्या यंत्रावर राहतो, आपण फक्त भाडे भरतो. रात्री झोपताना पाहिलेला चित्रपट सकाळी तोच असेल याची हमी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये 'रांझणा'च्या तमिळ आवृत्तीचा शेवटच कृत्रिम बुद्धिमत्तेने बदलून तो चित्रपटगृहांत लावला गेला. मेलेला नायक जिवंत केला! दिग्दर्शक आनंद एल. राय आणि अभिनेता धनुष यांनी निषेध केला, पण हक्क कंपनीकडे होते. मोठ्या माणसांची ही गत, तर श्रेयनामावलीत नाव नसलेल्या कलावंताचे कोण ऐकणार?

आमची मागणी फार मोठी नाही. बदल केला असेल तर तो वेष्टनावर किंवा चित्रपटाच्या आरंभी स्पष्ट लिहा, कोणी केला तेही लिहा, आणि मूळ प्रत शेजारी उपलब्ध ठेवा. आणि ज्या वाचकांच्या घरी जुन्या कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी धूळ खात पडल्या असतील, जलशांच्या, भाषणांच्या, लग्नातल्या भीमगीतांच्याही, त्यांनी त्या भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा लावून पाहाव्यात. कॅसेटला बुरशी धरली असेल तर ती तशीच यंत्रात घालू नका. फीत तुटते आणि यंत्रही जाते. साफ करून प्रत काढून देणारे लोक अजून शहरांत आहेत.