ऐकू येतं, पण कळत नाही!



साताऱ्याहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. नाव छापू नका, असं तिनं दोनदा बजावलंय, म्हणून नाव गुपित! ती अकरावीत आहे. फ्रेंचच्या पेपरात तिला नेहमी छान मार्क पडतात. पण परवा हौसेनं एक फ्रेंच सिनेमा लावला आणि दहा मिनिटांत तिला रडू फुटलं. एक वाक्य कळेना! ‘‘बाबांनी डेल्फ परीक्षेची फी भरलीय. त्यात ऐकण्याचा वेगळा भाग असतो. माझे कानच खराब आहेत का? फ्रेंच सोडून देऊ?’’ असं तिनं विचारलंय.

अगं, कान उत्तम आहेत तुझे. निवड तेवढी चुकली.

असं बघ, पुस्तकावरून मराठी शिकलेली एखादी परदेशी मुलगी ‘तू काय करत आहेस?’ हे घोकून येते. आणि आपल्या गल्लीत तिला ऐकू येतं, ‘‘काय करतेयस गं?’’ गोंधळेल की नाही बिचारी? फ्रेंचचंही तसंच. पुस्तकात ‘ज न से पा’, म्हणजे मला माहीत नाही. गप्पांत त्याचं होतं नुसतं ‘शेपा’. ‘ले’ आणि ‘आमी’ शेजारी आले की मध्ये ‘झ’ उगवतो आणि मित्रमंडळी होतात ‘लेझामी’. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ लिहायला वेगळं, पण ऐकायला दोन्ही ‘इल पार्ल’! तू फ्रेंच डोळ्यांनी शिकलीस. कानांची आणि त्या शब्दांची ओळखच झालेली नाही अजून. त्यात सिनेमातली माणसं पुटपुटतात, एकमेकांना तोडतात, मागं बँड वाजत असतो.

मग ऐकावं काय? माझी पहिली अट म्हणजे, जे ऐकशील त्याचा लिखित मजकूर मिळायला हवा. नाहीतर चुकलं कुठं, हे कळणार कसं? पण तो आधी वाचायचा नाही हं! दोनदा ऐक, कानावर पडलं ते वहीत लिही आणि मगच ताडून बघ. एक-दीड मिनिटाचा तुकडा पुरे. कोण बोलतंय, कुठं आणि कशाबद्दल, एवढं पहिल्या खेपेला उमगलं तर तो तुकडा तुझ्या कामाचा. पाच शब्दही हाती लागले नाहीत तर खुशाल सोडून दे. त्यात लाज कसली?

तुझ्या पाठ्यपुस्तकाबरोबरचं ध्वनिमुद्रण कपाटात पडलं असेल, ते आधी काढ. टीव्ही-५ मोंद या फ्रेंच वाहिनीच्या संकेतस्थळावर ए-१ पातळीपासूनचे छोटे तुकडे प्रश्नांसह फुकट मिळतात, ते घे. फ्रान्सच्या आर.एफ.आय. रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्रही आहे, मजकुरासकट. पण नाव ‘सोपं’ असलं तरी पहिल्या वर्षाला ते झेपत नाही. वर्षभरानं बघ.

गाणी? जरूर ऐक, पण मजेसाठी. गाण्यात बोलण्याची लय बदलते. ‘फ्रेर जाक’ बोलताना दोन ठोके, गाताना चार! बोलताना गप्प बसणारं शेवटचं ‘अ’ तिथं सुरात येतं. आणि फ्रेंचमध्ये डब केलेली कार्टून्स बघत असलीस तर जपून. खालची फ्रेंच अक्षरं आणि कानावर येणारं फ्रेंच पुष्कळदा जुळत नाही.

ए-१ च्या परीक्षेत मात्र सिनेमा नसतो बरं का! स्टेशनवरची घोषणा, फोनवरचा निरोप असलं काहीतरी असतं आणि प्रत्येक तुकडा दोनदा ऐकवतात. शंभरातले २५ गुण ऐकण्याला. एकूण ५० मिळायला हवेत आणि प्रत्येक भागात निदान ५. तेव्हा निरोप आणि घोषणाच जास्त ऐक. त्यातले फोन नंबर भारी खट्याळ असतात! फ्रान्समध्ये नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. ‘स्वासांत’ म्हणजे साठ, म्हणून तू ६ लिहितेस, तेवढ्यात येतं ‘दूझ’, म्हणजे बारा. साठ आणि बारा, बहात्तर! सहा खोडून सात करेपर्यंत पुढची जोडी पसार. मीही यात अनेकदा आपटलोय.

आमच्या वेळी फ्रेंचची एकच कॅसेट होती. पेन्सिलीनं फीत गुंडाळत तीच ती ऐकायचो, कंटाळा यायचा. पण त्यातल्या स्टेशनमास्तरचा खोकलासुद्धा आम्हाला पाठ होता. तुला हजार तुकडे मिळतील. त्यातले पाचच निवड आणि महिनाभर तेच ऐक. सिनेमा तोवर बंद!

महिन्यानं मला पत्र लिही आणि त्यात एक उत्तर कळव. फोनवर कोणी ‘कात्र-वँ-सेझ’ म्हणालं, तर तू काय लिहिशील? कात्र म्हणजे चार, वँ म्हणजे वीस, सेझ म्हणजे सोळा. बाकीच्यांनीही डोकं चालवायला हरकत नाही!

तुमचा,
दादा