गाण्यामागची गोष्ट : अर्धं तुझं, अर्धं माझं

‘विदाउट यू’ म्हटलं की तुमच्यापैकी बहुतेकांना मराया कॅरी आठवेल. आई-बाबांच्या जुन्या कॅसेटच्या डब्यात तिचा ‘म्युझिक बॉक्स’ सापडला, तर त्यात ते आहे. काका-मामांपैकी कुणी हॅरी निल्सनचं नाव घेईल. पण गाणं या दोघांपैकी कुणाचंच नाही.

ते आहे बॅडफिंगर या ब्रिटिश बँडचं. बीटल्सच्या ‘ॲपल’ कंपनीनं १९७० साली काढलेल्या त्यांच्या ‘नो डाइस’ या अल्बममध्ये ते पहिल्यांदा आलं. स्वान्सीचा पीट हॅम आणि लिव्हरपूलचा टॉम इव्हान्स यांनी ते लिहिलं, तेही गंमतीशीर पद्धतीनं. पीटकडे कडवी होती, पण धृपद जमत नव्हतं. टॉमकडे धृपद होतं, कडवी नव्हती. दोघांनी आपापली अर्धी गाणी जोडली.

आता हे दुःख कुठून आलं ते ऐका. पीटनं मैत्रिणीला संध्याकाळ देऊ केली होती आणि ऐन वेळी स्टुडिओचं काम निघालं. ती ‘जा’ म्हणाली, पण चेहरा पडलेला. बस्स, एवढंच. टॉमची मैत्रीण मात्र खरोखरच त्याला सोडून गेली होती. तिला शोधायला तो थेट जर्मनीत बॉनला गेला. पुढे त्याच मुलीशी त्याचं लग्न झालं! म्हणजे जगभरच्या प्रेमभंगांना पुरलेल्या या गाण्यामागे एक हुकलेली संध्याकाळ आणि एक मिटलेलं भांडण आहे.

बँडनं ते सिंगल म्हणून काढायचीही तसदी घेतली नाही. निल्सनच्या कानावर पडलं तेव्हा त्याला ते बीटल्सचंच वाटलं. निर्माता रिचर्ड पेरीच्या साथीनं त्यानं ते सावकाश, पियानोवर, गळा फाडून गायलं आणि १९७२ मध्ये ते अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. १९९४ मध्ये मरायानं ब्रिटनमध्ये पुन्हा तोच क्रमांक गाठला. त्याच वर्षी १५ जानेवारीला निल्सन वारला.

गाणाऱ्यांचं भलं झालं. लिहिणाऱ्यांचं काय? बॅडफिंगरचे पैसे व्यवस्थापकाच्या हातात होते. १९७४ च्या अखेरीस त्यावरून खटला उभा राहिला, नवा अल्बम बाजारातून मागे घेतला गेला, उत्पन्न आटलं. घरात बाळ येणार होतं. २४ एप्रिल १९७५ रोजी पीटनं आयुष्य संपवलं, वय २७. मुलगी महिनाभरानं जन्मली. टॉम पुढची आठ वर्षं या धक्क्यातून सावरला नाही. त्यात याच गाण्याच्या रॉयल्टीवरून जुन्या सहकाऱ्यांशी वाद. नोव्हेंबर १९८३ मध्ये त्यानंही तीच वाट धरली. वय ३६.

हे कळल्यापासून टॉमचं ते धृपद मला वेगळंच ऐकू येतं. त्यानं ते लिहिलं एका मुलीसाठी, पण नंतर ते पीटसाठीच असल्यासारखं वाटतं.

मला विचाराल तर तिन्हींत मूळ रेकॉर्डिंग सरस. तिथे कुणी रडून दाखवत नाही. गिटार साधी, आवाज थोडा खरखरीत, आणि दोन मित्र आपलं अर्धं-अर्धं गाणं गाताहेत. आज रात्री हेडफोन लावून तेच ऐका.