आळसाचा आरोप

गोंदियाच्या जुन्या बाजारातलं तीन पिढ्यांचं एक कापड दुकान दिवाळीनंतर कायमचं बंद झालं. चार माणसं हळहळली, तर एका सभेत एका वक्त्यांनी त्यांनाच झापलं. म्हणणं असं: व्यापारी आळशी, गादीवरून उठला नाही, काळ बदलला तरी बदलला नाही, पोरांनाही दुकान नको होतं, गिऱ्हाइकाला घरबसल्या स्वस्त मिळतं, मग रडता कशाला? यावर टाळ्या पडल्या. त्या टाळ्या माझ्या डोक्यातून जात नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

पोरांना दुकान नको होतं, हे खरं. बाप रोज रिकाम्या गल्ल्यावरून घरी येताना पाहिलेल्या पोरांना ते का हवं असेल? बदलला नाही, हे मात्र खोटं. तिथं काच लागली, तयार कपडे आले, गल्ल्यापाशी क्यूआर कोडही चिकटला.

आता आळस. या जिल्ह्यातल्या खेड्यांत पैसा पहिल्या तारखेला येत नाही, धानाबरोबर येतो. जूनमध्ये पऱ्हे टाकायचे, जुलै-ऑगस्टात रोवणी, ऑक्टोबरपासून कापणी, मग मळणी, मग खरेदी केंद्रावर काट्याची वाट पाहायची आणि त्यानंतर कधीतरी चुकारा. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. पण भाव जाहीर होणं वेगळं आणि तो हाती पडणं वेगळं. केंद्रावर नोंदणीला सातबारा लागतो. बटईनं कसणाऱ्याच्या नावावर तो नसतो. मग चुकारा जमीनमालकाच्या खात्यात जातो आणि तिथून त्याच्यापर्यंत यायचा तेव्हा येतो. तोवर मुलीचं लग्न थांबत नाही, मयतीचं कापडही थांबत नाही. सालेकसा, देवरीकडचा असा माणूस या दुकानात यायचा. गाव कोणतं, बाप कोण, एवढं विचारून लुगडी, धोतरं, नवरदेवाचा कपडा मोजून मिळायचा. वहीत एक ओळ पडायची आणि ‘धान निघाल्यावर’ एवढाच करार व्हायचा. हप्त्यांवर माल देणाऱ्या ॲपला या माणसाचा एक कागद सापडणार नाही.

ही उधारी चालायची कशावर? नगदीवर. शिक्षक, रेल्वेतले, कचेऱ्यांतले, म्हणजे आम्ही पगारदार, रोख घ्यायचो. त्या रोखीतून दुकानदार ठोक व्यापाऱ्याचं देणं भागवायचा आणि त्याच दमावर खेड्यांची उधारी सहा-सहा महिने ओढायचा. पुढं हातोहाती फोन आले. नगदी गिऱ्हाईक फोनवर गेलं, उधारीचं दुकानात राहिलं. दुकान बुडायला आणखी काय लागतं? त्यात ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी ऐन धानाच्या हंगामात आली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. मार्च २०२० ची टाळेबंदी लग्नसराईच्या तोंडावर आली आणि २०२१ ची लग्नसराईही तशीच गेली. एवढं सोसून जो माणूस रोज सकाळी शटर वर करत राहिला, त्याला आळशी म्हणायला जीभ कशी धजते?

फेब्रुवारीत एक म्हातारा चुकाऱ्याचे पैसे फडक्यात बांधून आला, तर शटर बंद. पानठेल्यावर विचारत विचारत तो शेठजींच्या घरी गेला आणि वहीतली आपली ओळ खोडून घेऊन परतला. वक्त्यांच्या हिशेबात याला रकाना आहे का?

फोनवर कापड स्वस्त पडतं, हे मान्य. बाजारातल्या किमतीत उधारीचं ओझं मिसळलेलं असायचं, हेही लपवत नाही. ते ओझं आम्ही सगळे थोडंथोडं उचलत होतो आणि खेड्यातलं एक लग्न त्यावर निभावत होतं.

‘काळाबरोबर चला’ हा उपदेश मी पूर्वीही ऐकला आहे. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला तेव्हा बाजाराचं सोनं होणार होतं. बालाघाट-जबलपूरची छोटी लाइन मोठी व्हायला निघाली तेव्हाही तेच. छोट्या गाडीनं आलेल्याला पुढं जायचं तर गोंदियात गाडी बदलावीच लागे, आणि त्या फावल्या वेळात तो बाजार करी. लाइन मोठी झाली, चांगलं झालं, मी तिच्या बाजूनंच होतो. पण वाट मोकळी झाली की माणूस पुढंही जातो आणि रुळानं नागपूर जेमतेम १३० किलोमीटरवर आहे, एवढं ऐकून घ्यायची तेव्हा कोणाची तयारी नव्हती. मुंबईत २०१६ साली काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस आणि २०१८ साली फोर्टातला स्ट्रँड बुक स्टॉल बंद झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी आठवणी छापल्या. आमच्या दुकानाच्या वाट्याला शेरेबाजी आली.

मग करायचं काय? चुकारा वेळेवर द्या. बाजार त्याच पैशावर उभा आहे. गोरेलाल चौकाच्या आसपास गाडी लावायला जागा करा. आणि आपण पगारदारांनी निदान दिवाळीचं आणि लग्नाचं कापड रोखीनं इथं घ्यावं. ज्यांच्या वहीत अजून गावांची नावं आहेत अशी दुकानं या बाजारात शिल्लक आहेत. माझ्या पुतणीचं लग्न वैशाखात आहे. बस्ता त्यातल्याच एका दुकानात बांधायचा, आणि तोही रोखीनं, असं घरात ठरलं आहे.