भोपळ्याचा देठ

परीक्षेत शून्य मिळालं की मराठीत ‘भोपळा मिळाला’. फलंदाजानं पहिली धाव काढली की ‘भोपळा फुटला’. दोघांचं पटत नसलं की ‘विळ्याभोपळ्याचं सख्य’. आपल्या घरच्या बोलीतही बिचाऱ्याची सुटका नाही. ‘तुझे कद्दू आता है’ म्हणजे काहीच येत नाही!

आम्हीही एकदा गणिताच्या पेपरावर शून्याला देठ काढला. वर्ग खदखदून हसला. त्या मुलाचं नावच ‘भोपळा’ पडलं. पुढे तो हात वर करेनासा झाला.

एका दुपारी दस्तरखानावर दुधी भोपळ्याचं सालन होतं. अम्मींनी हदीस सांगितली. एका शिंप्याच्या घरच्या दावतीत प्रेषित (स.) भांड्याच्या कडेनं भोपळ्याच्या फोडी शोधून खात होते, ते पाहून हजरत अनस (रजि.) यांनाही भोपळा आवडू लागला. सूरह हुजुरातमध्ये टोपणनावांनी हिणवायला मनाई आहे, हेही आम्हाला आठवलं. घास घशातच अडकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही भर वर्गात त्या मुलाची माफी मागितली. तो खाली बघत म्हणाला, “सर, आता नावानं बोलवाल ना?”

थट्टा भाजीची करावी, लेकराची नको. आता आम्ही शून्याला देठ काढत नाही.