लाजेपायी बळी नकोत

भारतीय स्त्रियांना ग्रासणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा क्रम लागतो. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ या एकाच वर्षी आपल्या देशात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना तो जडला आणि सुमारे ८० हजार त्याला बळी पडल्या. जो रोग टाळता येतो, त्याने एवढे बळी घ्यावेत, ही गोष्ट दुःखाची तर खरीच. पण त्याहून अधिक ती शरमेची आहे.

या रोगाचे मूळ एचपीव्ही नामक विषाणूत आहे, हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांस २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लस २००६ पासून जगात आहे. २०२२ साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीसही परवानगी मिळाली. विषाणूशी संबंध येण्यापूर्वीच ती टोचणे इष्ट, म्हणून ९ ते १४ हे वय उत्तम. पण एवढे ऐकताच आईबापांच्या कपाळाला आठ्या पडतात: 'एवढ्याशा पोरीला असली लस कशाला?' आम्ही विचारतो, धनुर्वाताची लस टोचताना मुलाच्या पायात खिळा रुतावा अशी कोणाची इच्छा असते काय? हा विषाणू अत्यंत सर्वसाधारण आहे; एकनिष्ठ गृहिणीसही तो पतीकडून लागू शकतो. लशीचा संबंध आरोग्याशी आहे, शीलाशी नाही.

वीस-बावीस वर्षांच्या तरुणींनीही आपली वेळ टळली असे समजू नये. सरकारी मोहिमेला वयाची मर्यादा घालावी लागते, ती साधनांच्या हिशेबाने. पुण्याच्या लशीस २६ वर्षे वयापर्यंत परवानगी आहे. वय वाढेल तसा लाभ घटतो, हे खरे. तो नाहीसा होत नाही. अशा तरुणींनी वैद्यांचा सल्ला घ्यावा आणि सरकारने त्यांना ती परवडेल असे पाहावे.

आणि त्यांच्या मातांचे काय? जडलेला संसर्ग लशीने बरा होत नाही. तेथे तपासणीच हवी. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गावांत या विषाणूची चाचणी एकदाच झाली, तेथे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ज्या महाराष्ट्राने जगाला हा धडा दिला, त्यानेच तो विसरावा काय?

मुलीला लस आणि तिशी ओलांडलेल्या आईला तपासणी, ही दोन्ही कर्तव्ये प्रत्येक घराने या वर्षीच पार पाडावीत. संकोचाची किंमत जिवाने मोजण्याचे दिवस आता सरले पाहिजेत.