हातचा साडेपाच

समन्वित जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, खगोलशास्त्रज्ञ, वैमानिक आणि संगणक पाळतात; बाकीचे जग आपापल्या गावच्या घड्याळावर उठते-बसते. खुद्द ग्रिनिचलाही वर्षातले सात महिने ती लागू नसते, कारण उन्हाळ्यात तिथले काटे तासभर पुढे सरकवलेले असतात. त्यामुळे ग्रहण, यानाचे उड्डाण किंवा एखादी परिषद यूटीसीमध्ये जाहीर झाली, की ज्याने त्याने आपापली बेरीज-वजाबाकी करायची.

भारताची बेरीज साडेपाच तासांची. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते आणि भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. भागाकार केला की साडेपाच येतात. ही वेळ 1 जानेवारी 1906 पासून लागू झाली, पण मुंबईने आपली 39 मिनिटे मागची वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडली नव्हती. नेपाळ पावणेसहा तास मिळवतो; शेजाऱ्यापेक्षा पाव तास पुढे असण्याची हौस म्हणायची.

साडेपाच मिळवताना सहसा कोणी चुकत नाही. चुकतो तो हातचा, म्हणजे तारीख. 7 सप्टेंबर 2025 च्या चंद्रग्रहणाची खग्रास अवस्था यूटीसीनुसार 18 वाजून 52 मिनिटांनी संपली; भारतात तेव्हा 8 तारीख लागून 22 मिनिटे झाली होती. मराठी घरात मात्र रात्रीचे साडेबारा ही ‘आजचीच रात्र’ असते. त्यामुळे ‘रविवारी रात्री 12 वाजता’ असे छापणाऱ्याला नेमकी कोणती रात्र अभिप्रेत आहे, हे पत्रिका वाचून कळत नाही.

2024 च्या लक्ष्मीपूजनाने हाच हातचा जगभर फिरवला. आश्विन अमावास्या संपण्याचा क्षण एकच होता: 1 नोव्हेंबर, यूटीसी 12 वाजून 47 मिनिटांच्या सुमारास. पुण्यात तेव्हा संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते, सूर्यास्त होऊन जेमतेम पाव तास झाला होता; एवढ्याशा प्रदोषावरून इथल्याच पंचांगकर्त्यांत दोन तट पडले. सिडनीत त्या क्षणी रात्रीचे पावणेबारा वाजले होते, म्हणजे 1 तारखेची सगळी संध्याकाळ अमावास्येचीच. न्यू जर्सीत सकाळचे पावणेनऊ झाले होते. तिथे 1 तारखेच्या संध्याकाळी पाट मांडणाऱ्याने प्रतिपदेला पूजा केली. पुण्याच्या दिनदर्शिकेतली तारीख अमेरिकेतल्या फ्रिजवर चिकटवली, की असे होते. साडेपाच मिळवलेली वेळ पुण्याची असते, ती छापलेला कागद जाईल तिथली नसते.

शिवाय वजाबाकीचा आकडाही वर्षभर तोच राहत नाही. युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे पुढे करून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतो. अमेरिका बहुतेक राज्यांत हेच मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी करते. भारतानेही 1942 ते 1945 या युद्धकाळात काटे तासभर पुढे नेले होते, आता मात्र ते वर्षभर जागचे हलत नाहीत. म्हणून ‘तुमचे सकाळचे नऊ, आमचे संध्याकाळचे साडेसहा’ ही घरोघरी पाठ झालेली जोडी न्यू जर्सीशी उन्हाळ्यातच जुळते. वेळ ठरवताना आकड्यापुढे शहराचे नाव आणि तारीख लिहिली, तर फोनमधला संगणक हा फरक स्वतः सांभाळतो. नुसते ‘आयएसटी’ लिहिले तर इस्रायल आणि आयर्लंडही त्यावर हक्क सांगतात.

2024 मध्ये अमेरिकेची घड्याळे मागे गेली तो 3 नोव्हेंबरचा रविवार म्हणजे नेमकी भाऊबीज. त्या दिवशी पाठ जोडीवर विसंबून साडेसहाला निरांजन लावून फोनसमोर बसलेल्या नाशिकच्या बहिणीला तिकडचे नऊ वाजायला साडेसात होईपर्यंत थांबावे लागले असणार. तबकातले तूप तोवर पुरले तर ठीक.