लेकरू आज्जीपाशी ठेवलं, दोष कुणाचा?

करोनाच्या त्या दोन वर्षांबद्दल एका विद्वानांचं बोलणं नुकतंच ऐकलं. साथ पसरत असताना नातवंडं म्हाताऱ्यांच्या गळ्यात टाकणाऱ्या आईबापांनी कमाईपायी म्हाताऱ्यांचा जीव धोक्यात घातला, असं त्यांचं म्हणणं. लेकरांमार्फत आजार घरात येतो, म्हणून दोन पिढ्या वेगळ्या ठेवायला हव्या होत्या म्हणे. कुठं ठेवायच्या, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

वय जितकं वाढलेलं, तितका या आजारात मृत्यूचा धोका जास्त, हे खरंच आहे. पण त्याचा दोष सुनेच्या माथी मारायचा, हे मला मुळीच मान्य नाही.

बिलोली तालुक्यातला २०२० चा जून आठवा. २५ मार्चपासून टाळेबंदी, अंगणवाडीला कुलूप, जिल्हा परिषदेची शाळा बंद. शेतीची कामं चालू होती, आणि ती चालू असायलाच हवी होती. सोयाबीन पेरलं की काही दिवसांतच खुरपण येतं आणि खुरपणाला बाया लागतात. हैदराबाद-निजामाबादकडची कामं बंद पडून जी घरं गावी परतली होती, त्यांना तेवढीच मजुरी उरलेली. सकाळी शेतात निघालेल्या बाईनं तीन वर्षांचं लेकरू कुणापाशी ठेवायचं? त्याच वेळी केंद्राच्या गृहखात्याचा आदेश होता की ६५ वर्षांवरच्यांनी आणि १० वर्षांखालच्यांनी घरीच राहावं. दोघांची नावं एकाच कलमात! पत्र्याची एक खोली असलेल्या घरात हा आदेश इमानेइतबारे पाळला, तर दिवसभर आज्जी आणि नातू एकमेकांपाशी बसणार, दुसरं काय होणार? सरकारनं त्यांना एका छपराखाली बसवलं आणि हे गृहस्थ जाब विचारतात खुरपं हातात घेतलेल्या आईला. वेगळी खोली, वेगळा संडास, वेगळं ताट हे सगळं त्यांच्या घरात असेल. म्हणून ते प्रत्येक घरात असतं असं धरून कुणाला गुन्हेगार ठरवता येत नाही.

आणि सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली, तेव्हा ऑक्सिमीटर घेऊन दारोदार कोण फिरलं? आशाताई आणि अंगणवाडीताई. त्यांची स्वतःची लेकरं सासूपाशीच होती. त्यांनाही स्वार्थी म्हणायचं का?

कमाईचं म्हणाल, तर खुरपणाच्या रोजाला कमाई म्हणणाऱ्यानं एक दिवस वाफ्यात बसून पाहावं.

हा वाद तसा जुनाच. तालुक्याच्या गावी पाळणाघर हवं म्हटलं, की हेच लोक म्हणायचे, घरात आज्जी असताना पाळणाघर कशाला, ही शहरी थेरं आहेत. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाऊन त्यांनी पाळणाघर होऊ दिलं नाही. आता आज्जीवर भार टाकला म्हणून तेच रागावतात. आज्जीला विचारलं मात्र तेव्हाही नाही आणि आजही नाही.

मग करायचं काय? कायद्यात थोडी सोय आहेच. रोजगार हमीच्या कामावर मजूर बायांबरोबर पाच किंवा अधिक लहान लेकरं असली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमायचं असतं. साथीच्या काळात हीच रीत गावच्या शिवारात आणावी. झाडाखाली, उघड्यावर, चार-पाच लेकरांमागे एक तरणी बाई, तिचा रोज पंचायतीकडून. लेकरू तापलं तर आईला मजुरी न बुडता घरी राहता यावं. लस आली, की नातवंडं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दारात ती आधी जावी. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस खुली झाली खरी, पण दुसरी लाट तोवर दारात आली होती.

गावातल्या पहिली ते चौथीच्या शाळा उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. पुढच्या साथीत अंगणवाडीला कुलूप लावण्याआधी त्या गावच्या आया कामाला जाणार आहेत का, एवढं तरी विचारा. २०२० च्या जूनमध्ये बिलोलीतल्या आया जाणार होत्या, हे कुठल्याही तलाठ्यानं सांगितलं असतं.